तलावाच्या पाळीचा वार्षिक खर्च

शिक्षणसंस्थेच्या अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पाण्याशी संबंधित उपक्रम सर्वांत आधी कापले जातात. पोहण्याचा प्रशिक्षक, नौकानयनाचे साहित्य, स्कूबा डायव्हिंगचा अभ्यासक्रम, या सगळ्यांवर ‘हौस’ असा शिक्का मारणे सोपे असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर; जंगल, कोळसा, धान आणि तेंदूपत्ता यांवर इथले व्यवहार चालतात. अशा ठिकाणी मुलांना पाण्यात आणि पाण्याखाली वावरायला शिकवण्यासाठी सरकारी पैसा कशाला, असे कोणी विचारले तर बहुतेक माना डोलावतील. या प्रदेशाचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. पाण्यात उतरण्याचे कसब इथे पिढ्यान् पिढ्या गावाच्या व्यवस्थेचा भाग होते आणि त्याचा खर्च गाव दरवर्षी उचलत होते. तो वार्षिक खर्च ज्या दिवशी कोणाचाच राहिला नाही, त्या दिवसापासून तलाव गाळाने भरू लागले, पाण्याची समज आटू लागली आणि आज त्याची किंमत माणसे जीव देऊन मोजत आहेत.

गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, पण पाण्याच्या हिशेबाने हा मुलूख एकच आहे. वैनगंगा दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. नदीच्या दोन्ही अंगांना झाडीपट्टीचा धानाचा पट्टा आहे. पाऊस इथे कमी नाही; अडचण त्याच्या वेळेची आहे. धान निसवायला लागते त्या भाद्रपद-आश्विनात पाऊस ओढ देतो आणि चार महिन्यांची मेहनत पंधरवड्यात वाया जाते. तेवढ्या पंधरवड्यासाठी पाणी धरून ठेवायचे, या एका गरजेतून इथले तलाव जन्माला आले. जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची रीत होती, असे परंपरा सांगते. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव सर्वांत पुढे येते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा त्यांच्या कामाचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना. पण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावलीपासून थेट आरमोरी-गडचिरोलीपर्यंत गावागणिक तलाव आणि शेतागणिक लहान तळ्यासारखी बोडी, ही या पट्ट्याची ओळखच झाली. पूर्व विदर्भात आजही सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या बोलीतले मामा तलाव, नोंदलेले आहेत.

तलाव बांधला कोहळ्यांनी, पण तो रोज हाताळला ढिवरांनी. मासे, शिंगाडा आणि नावेची वाहतूक यांवर जगणाऱ्या या समाजाला तळ्याचा तळ जसा ठाऊक होता तसा तो कोणत्याही मोजणीदाराला नव्हता. कुठे गाळ मऊ आहे, कुठे झाडाचे खोड बुडालेले आहे, मरळ कोणत्या गवतात दडते, पाणी किती उतरले की कोणता भाग उघडा पडतो, ही माहिती कागदावर कधी आली नाही; ती हातापायांत होती. तुडूम ही एकच वस्तू जवळून पाहिली तरी हे लक्षात येते. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून पाणी बाहेर काढणारी ही मोरी. तिला वेगवेगळ्या उंचीवर भोके आणि प्रत्येक भोकाला लाकडी बूच. पाणी भरलेले असताना वरचे बूच काढायचे, पातळी उतरली की त्याखालचे. पीक अडचणीत असते तेव्हा तलावही उतरणीला लागलेला असतो. तेव्हा खालचे बूच काढायचे तर कोणाला तरी गढूळ पाण्यात उतरून, डोळ्यांना काही दिसत नसताना, हाताने चाचपून ते सोडवावे लागे. बूच निघताच पाण्याची ओढ मोरीकडे सुरू होते, म्हणून त्याच क्षणी बाजूला सरकता आले पाहिजे. पाण्याखाली डोळे मिटून काम करणे, श्वास राखणे, ओढीपासून अंग काढून घेणे ही सगळी आजच्या शोध-बचाव पथकातल्या पाणबुड्याला शिकवली जाणारी कौशल्ये आहेत. इथे ती धानाच्या हंगामाचा भाग होती. मुले तळ्यात डुंबायची ती याच कामाची उमेदवारी होती, आणि त्या डुंबण्यातून आनंदही मिळत होता. करमणूक कुठे संपते आणि काम कुठे सुरू होते हे वेगळे काढून दाखवणे त्या गावाला जमले नसते, आणि त्याची गरजही नव्हती.

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. गावचा सारा गोळा करणारा मालगुजार जमाबंदीनंतर गावाचा मालक ठरला. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. या व्यवस्थेत तलाव मालगुजाराचा, पण त्यातून पाणी घेण्याचा, गुरे पाजण्याचा हक्क रयतेचा. असे निस्तार हक्क गावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रूढींच्या नोंदपत्रकात, लिहिले गेले. पाळ दुरुस्त करायला उन्हाळ्यात गाव जमे, मालगुजार धान्य देई. पाळीवरची माती दरवर्षी पावसात धुपते, उंदीर-घुशी बिळे करतात, सांडव्याचे दगड सुटतात. त्यातले कोणतेही काम मोठे नाही, पण एक वर्ष चुकले तर पुढच्या वर्षी दुप्पट होते. मालगुजाराला हे करावेच लागे, कारण पाळ फुटली तर धान बुडे, धान बुडले तर वसुली बुडे आणि सरकारचा सारा त्याच्याच गळ्याशी येई. हक्क, फायदा आणि जबाबदारी एका गाठीत बांधलेली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा पट्टा होरपळला. त्यानंतर सिंचन आयोगाच्या शिफारशींमुळे मध्य प्रांतात सरकार स्वतः तलाव बांधू लागले. नागभीडजवळचा घोडाझरी आणि सावलीजवळचा आसोलामेंढा हे त्या काळाचे. तिथे अभियंता आला, नोंदवही आली. पण गावोगावचे लहान तलाव अजून जुन्याच गाठीवर चालले होते.

ही गाठ ३१ मार्च १९५१ रोजी सुटली. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे काय झाले ते तारखांच्या क्रमातच दिसते. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होऊन विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. अकरा वर्षांत कागदावरचा मालक चार वेळा बदलला. एवढ्या फेऱ्यांत तलावाची नोंद कशीबशी टिकली, पण दर उन्हाळ्याला पाळीवर माती टाकायची कोणी आणि तिचे पैसे कुठून, हे वाटेत गळून पडले. त्यात कारभाराचेही तुकडे झाले: पाणी एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेमार्फत दुसऱ्याकडे, पाणलोटातले जंगल वन विभागाकडे. प्रत्येकाच्या हाती तलावाचा एक तुकडा राहिला, अख्खा तलाव कोणाच्याच हाती राहिला नाही. मग गाळ साचला, काठांवर बेशरमाची झुडपे माजली, रोहू-कटला-मृगळाचे बीज सोडण्याच्या धांदलीत स्थानिक मासे आणि पाणवनस्पती मागे पडल्या, आणि तळ्यावर पोट भरेनासे झाले तशी ढिवरांची तरुण मुले मजुरीसाठी बाहेर जाऊ लागली.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो यायलाच हवा: हे मालगुजारीचे उदात्तीकरण नाही का? मालगुजाराच्या काळात बेगार होती. पाळीवरच्या मातीचा मोबदला न्याय्य असेच असे नव्हते, पाण्याच्या वाटपात पाटलाची बांधी आधी भिजे, आणि जाळे टाकणाऱ्या ढिवराला गावच्या बैठकीत मागेच जागा मिळे. मालगुजारी संपली हे योग्यच झाले; ती परत यावी असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण अन्यायी व्यवस्था मोडताना तिच्या आत चाललेले एक आवश्यक काम कोण करणार, याची तजवीज करावी लागते. मालगुजाराचा हक्क सरकारने घेतला, त्याच्या माथ्यावरचे वार्षिक कर्तव्य मात्र कोणत्याही लेखाशीर्षाखाली आले नाही. दोष कायद्याच्या हेतूत नव्हता. दोष हिशेबाच्या रचनेत होता. नवे बांधकाम या रचनेत ठळक दिसते, चालू देखभाल जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे पैसा आला तो मोहिमांच्या रूपाने. जलयुक्त शिवार आली, गाळमुक्त धरण आली, मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाच्या योजना आल्या. मोहीम सरते तेव्हा यंत्रे निघून जातात. पाळ पुढच्या पावसाळ्यातही धुपणारच असते.

मोहिमेचा आणखी एक परिणाम माणसांच्या जिवाशी आहे. जुना तलाव काठापासून हळूहळू खोल होत जाई. गाळ हाताने, टोपल्यांनी, दर उन्हाळ्यात थोडा थोडा निघे. यंत्राने मुरूम-माती उचलली की तळात सरळ कडांचे खड्डे राहतात. पावसाळ्यानंतर वरून पाणी सारखेच दिसते आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. ज्या गावात तळ ठाऊक असलेली माणसे होती तिथे हा धोका कोणीतरी सांगितला असता. आता तळ कोणाला ठाऊक नाही आणि पोहणेही येत नाही, असा दुहेरी तोटा आहे. मार्च २०२५ मध्ये घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. नदीच्या पलीकडे रोजगार, अलीकडे घर, मध्ये पाणी. या बायका सहलीला निघालेल्या नव्हत्या. भामरागडला पर्लकोटा चढली की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते, तिथे पाणी ओलांडणे हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. पोहणे ही शहरी हौस आहे असे म्हणणाऱ्याने हा नकाशा समोर ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली दहापैकी नऊहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. सहा वर्षांवरील मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी, असे ही संघटना सांगते. कुपोषण आणि आरोग्य केंद्रे यांच्याशी याची स्पर्धा लावली जाते, पण बुडून मरणारा आणि कुपोषित असणारा बहुतेकदा एकाच घरातला असतो. त्या घराने दोन्हींपैकी एक निवडावे असे म्हणणे त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

सरकार साहसावर पैसा खर्चच करत नाही असेही नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतले दहा विद्यार्थी ‘मिशन शौर्य’खाली एव्हरेस्टवर गेले आणि त्यांतले पाच माथ्यावर पोहोचले. तेलंगणाच्या निवासी शाळेतली मालावत पूर्णा २०१४ मध्ये शिखरावर पोहोचली होती, तो धडा समोर होताच. जिवती-राजुऱ्याकडच्या मुलांनी ते करून दाखवले याचा अभिमान दोन्ही जिल्ह्यांना आहे आणि असावा. ही मुले कशामुळे पोहोचली, तर निवड, महिनोन् महिने सराव आणि त्यासाठी मोजलेले पैसे यांमुळे. पात्रता या मुलांत आहे का, हा प्रश्न त्या मे महिन्यात कायमचा निकाली निघाला. उरतो तो इतकाच की पैसा एकदाच्या पराक्रमाला मिळतो, रोजच्या शिकवणीला मिळत नाही. शिखराचा फोटो छापून येतो. आश्रमशाळेतली चाळीस मुले तळ्यात दहा मिनिटे तरंगायला शिकली, याचा फोटो कोणी काढत नाही. नव्या तलावाचे उद्घाटन आणि जुन्या पाळीची माती यांतला जो फरक, तोच हा.

पाण्याखालच्या शिक्षणाचे पैसे थांबले की काय होते याचे उदाहरण देशाच्या पातळीवरही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात द्वारकेचे संशोधन उभे केले ते पुरातत्त्वज्ञांना पाण्याखाली उतरायला शिकवून. आधी माणसे घडली, मग बुडालेले नांगर आणि भिंती कागदावर आल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ मध्ये पाण्याखालील पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग काढला; मधली कित्येक वर्षे तो थंडावला आणि द्वारकेत पुन्हा बुड्या मारायला २०२५ उजाडले. यंत्रे गोदामात राहू शकतात, पाणबुड्याचे कसब राहत नाही. दोन वर्षे पाण्याबाहेर काढलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, आणि शिकवणारा निवृत्त झाला तर तीही पायरी सापडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेत १९५० च्या दशकात कॉनराड लिंबॉ यांनी विद्यापीठाचा डायव्हिंग कार्यक्रम घडवला तेव्हा त्याचा पाया सुरक्षिततेचे नियम आणि सलग प्रशिक्षण हाच होता. तो नमुना पुढे इतर विद्यापीठांनी उचलला. आपल्याकडे तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या तिजोरीला हा विषय अनोळखी नाही, तो फक्त किनाऱ्यापुरता मानला गेला आहे.

गढूळ तळ्यात स्कूबा शिकून काय दिसणार, असा प्रश्न इथे कोणी विचारील. काही दिसणार नाही, हे खरे. म्हणून रंगीत मासे पाहण्याचा अभ्यासक्रम इथे चालणार नाही आणि तो कोणी मागतही नाही. पोहणे, तरंगणे, बुडणाऱ्याला दोरीने ओढणे, नाव चालवणे हा पाया. त्यावर मोजक्या विद्यार्थ्यांना हवेची टाकी घेऊन शोधकार्य, असा क्रम लावला तर टाकीवरचा खर्च थोडा आणि पायाचा उपयोग सर्वांना. नदीत माणूस हरवला की पोलीस आजही आधी जवळच्या ढिवरांना हाक मारतात आणि ते दोरी, डोंगा आणि अनुभव यांच्या बळावर उतरतात. ज्यांच्या कौशल्यावर प्रशासन विसंबते त्यांना विमा, साहित्य आणि मानधन देण्याची जागा अंदाजपत्रकात नसावी, ही मला या सगळ्या हिशेबातली सर्वांत मोठी लाज वाटते.

जातीच्या धंद्याला विद्यापीठात नेऊन आपण जातच पक्की करतो आहोत, अशीही एक शंका आहे आणि ती हलकी नाही. पण कौशल्य जातीला चिकटून राहिले ते दुसऱ्या कोणाला शिकवले गेले नाही म्हणून. ते वर्गात आले, त्याला प्रमाणपत्र आले आणि शिकवणारा ढिवर वेतनावर आला तर ते कौशल्य सर्वांचे होते आणि शिकवणाऱ्याचा मान त्याच्या ज्ञानामुळे ठरतो. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर, पतीराम तुमसरे आणि शालू कोल्हे यांच्या पुढाकाराने तळ्यांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम झाले, त्यात ढिवरांची माहिती आणि बायकांचे श्रम यांच्यावरच अभ्यास उभा राहिला. चंद्रपुरात रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावे लागले. तलावाबद्दल आस्था असलेली माणसे या पट्ट्यात आहेत. त्यांना दरवर्षी उपोषणाला बसवणे ही देखभालीची पद्धत असू शकत नाही.

सुटलेली गाठ पुन्हा बांधायला कायद्याचा आधारही आता आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतले मासे आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आणि पुढे बांबू स्वतः विकून दाखवले की हक्क हातात आला की गाव हिशेबही ठेवते आणि जंगलही राखते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्रच चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहे. आपल्या मुलुखाचे पाणी हा ज्याचा अभ्यासविषय असावा असे दुसरे विद्यापीठ नाही. जलप्रशिक्षणाची रक्कम तिथे क्रीडा महोत्सवाच्या खर्चात न धरता प्रयोगशाळेच्या आवर्ती खर्चासोबत धरली, प्रशिक्षकाचे पद कायम ठेवले आणि ते भरताना ढिवर-भोई तरुणांचा प्रत्यक्ष अनुभव पात्रतेत मोजला, तर पहिले काम दूर शोधायला नको. माघ-फाल्गुनात पाणी उतरू लागले की विद्यार्थ्यांनी गावातल्या जाणत्या मासेमारांबरोबर डोंग्यातून तलावाची खोली मोजावी, यंत्राने पाडलेले खड्डे आणि तुडुमाची जागा कागदावर आणावी, आणि तो नकाशा होळीच्या आत ग्रामसभेला द्यावा, म्हणजे त्याच उन्हाळ्यात पाळीवर माती पडेपर्यंत खड्ड्यांच्या कडाही उतरत्या करून घेता येतील.